केस गेले तेव्हा दिल्ली आली



आज आम्ही बचतीचं बोलणार नाही, पापड-मसाल्याचंही नाही. आज बोलायचंय पेपरविषयी, टीव्हीविषयी, आणि पैसा ज्याच्या हातात त्याच्याच हातात बातमी कशी गेली त्याविषयी. हे बोलावं की नाही यावर स्टेशनवर आधी बराच वेळ खल झाला. सामुदायिक रेडिओला सरकारचे नियम आहेत. त्यात लिहिलंय की बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या नाहीत, राजकारणाचा कार्यक्रम करायचा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाऊस कधी येणार, लाईट कधी जाणार, परीक्षेचे फॉर्म कधी भरायचे, यात्रा कधी, हेही सांगता येतं. नळाला पाणी कधी येईल हे सांगितलेलं चालतं. पण ते का येत नाही आणि कोणामुळे येत नाही, हे सांगितलं की ती बातमी होते. म्हणून आम्ही बातमी देणार नाही, बातमीविषयी बोलणार आहोत. आणि पक्षाचं नाव एकाचंही घेणार नाही. घ्यायची गरजही नाही, सगळे एकाच बाजारातून बैलजोडी आणतात.

२०२५ चा जानेवारी आठवतो ना? शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, आणि तीन दिवसांत डोक्याचं तुळतुळीत टक्कल. बाया, बाप्ये, लेकरं, कोणी सुटलं नाही. पावणेतीनशेच्या घरात माणसं झाली. आणि मग गाड्या आल्या. छतावर तबकडी असलेल्या गाड्या, इंग्रजीतल्या, हिंदीतल्या, परदेशातलेसुद्धा लोक. कोणी 'टक्कल व्हायरस' म्हणालं, कोणी आणखी काही. बायांना पदर बाजूला करून डोकं दाखवायला सांगितलं. आमच्या ओळखीची एक मावशी म्हणाली, नवऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर काढला नाही, आणि साऱ्या देशानं माझं टक्कल पाहिलं.

आम्ही पत्रकारांना नावं ठेवायला बसलेलो नाही. उलट त्या गाड्या आल्या म्हणून पुढचं सगळं झालं. आरोग्य खात्याची पथकं आली, आयसीएमआरची माणसं आली, पाण्याचे आणि धान्याचे नमुने गेले. पाण्यात नायट्रेट आणि क्षार प्रमाणाबाहेर निघाले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःच्या खर्चानं तपासणी करून गेले. त्यांनी सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य फार आहे, इथल्या स्थानिक गव्हाच्या ६०० पट. पुढे काही जणांची नखंही गळाली. बहुतेकांचे केस परत आले, हे नशीब.

आता यातलं एक वाक्य परत ऐका. रेशनचा गहू.  डॉक्टरांचं म्हणणं खरं धरलं, तर आजार पिशवी बघून घरात शिरला. ही खरी बातमी होती. पण टीव्हीवर दिसली टकलं.

त्याच दिवसांत संग्रामपूरकडच्या एका गावात आमची बैठक होती. तिथं एक आजी बोलली, "केस गेले तं दिल्लीवाले आले. आमच्या किडन्या गेल्या तं खामगाववालेबी नाही आले." बैठकीत कोणी हसलं नाही.

घाटाखालच्या बायांना हे समजावून सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खारपाणपट्टा आहे. जमिनीतलं पाणीच खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत आणि दुसरा इलाजच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडचे हातपंप हे मानक वाचून पाणी देत नाहीत. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत किडनीचे रोगी वर्षानुवर्षं आहेत. एकेका गल्लीत दोन-दोन, तीन-तीन घरं. कर्ता माणूस आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो, सोबत बाई जाते, दोघांची मजुरी बुडते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो जारचं पाणी विकत आणतो. ज्याच्याकडे नाहीत तो हातपंपावर जातो. एकाच गल्लीत दोन पाणी आहेत बायांनो, आणि त्यावरून सांगता येतं कोण किती जगणार.

मग याची बातमी का होत नाही? तर केस तीन दिवसांत जातात आणि किडनीला दहा वर्षं लागतात. जे हळूहळू मारतं त्याचा फोटो निघत नाही. अधूनमधून छापून येतं, नाही असं नाही. चांगलं लिहिणारे वार्ताहर आपल्या जिल्ह्यातही आहेत. पण आतल्या पानावर येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदात भजी बांधली जातात.

पी. साईनाथ नावाचे पत्रकार आहेत. देशातल्या गरिबातल्या गरीब जिल्ह्यांत फिरून त्यांनी लिहिलं, 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे त्या पुस्तकाचं मराठी नाव. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. २००६ सालची एक गोष्ट ते सांगतात. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक चालू होता. सुती कपड्यांचं प्रदर्शन होतं आणि ते बघायला ५१२ पत्रकार परवाने घेऊन आले होते. तो कापूस जिथे पिकतो त्या विदर्भात, विमानानं तासाभरावर, माणसं फास लावून घेत होती. तिथे बातमी करायला बाहेरून आलेले पत्रकार होते सहा. कापूस आपल्या बोटांनी वेचायचा, बोटं आपली चिरायची, आणि ५१२ जण बघणार कोणाला, तर कापड घालून चालणारीला. तिच्यावर आमचा राग नाही, ती तिची नोकरी करते.

आता आमची स्वतःची गोष्ट. आजी बोलली त्यानंतर गटाच्या बायांनी ठरवलं की आपणच लिहून काढू. एका गावात घरोघर फिरलो. कोणाला त्रास आहे, कधीपासून, पाणी कुठलं पितात, खर्च किती झाला, जमीन विकली का, दागिने मोडले का. दोनशे पानी वही भरत आली. ती घेऊन एका वार्ताहराकडे गेलो. त्यानं नीट ऐकलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, ताई, बातमी देतो, पण गटाकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांची एखादी जाहिरात बघा ना. कोणाचा वाढदिवस? तर ज्यांच्या अखत्यारीत पाण्याची योजना येते त्यांचाच.

आम्ही चिडून बाहेर आलो. नंतर त्याच्याच घरून कळलं की त्याला पगार असा नाहीच. आणलेल्या जाहिरातीवर कमिशन, तेवढीच कमाई. बायको आपल्यासारखीच गटात आहे. पेपर आपण पाच-सहा रुपयांत घेतो, तेवढ्यात कागदसुद्धा सुटत नाही. बाकीचे पैसे जाहिरातवाला देतो, म्हणजे कंपनी, सरकार, नाहीतर वाढदिवसवाले साहेब. ज्याच्या पैशानं चूल पेटते त्याच्या ताटात खडा कोण टाकणार? या वार्ताहराला आम्ही आजही पूर्ण माफ केलेलं नाही, पण तो चोर आहे असंही आता म्हणत नाही.

वरच्या पातळीवर हेच मोठ्या आकड्यांत चालतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात एका बड्या नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर, जवळपास शब्दाला शब्द, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या लेखकांच्या नावानं छापून आला. साईनाथांनीच तो उघडा केला. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा आपल्याकडे घराघरात गेला. प्रेस कौन्सिलनं २०१० साली चौकशी अहवालही केला. आता तेवढी खटपटसुद्धा लागत नाही, चॅनेलच विकत घेता येतं. अंबानींच्या रिलायन्सकडे २०१४ पासून नेटवर्क १८ आहे, अदानींकडे २०२२ च्या डिसेंबरपासून एनडीटीव्ही. मराठी बातम्यांची चॅनेलंही त्यांत आली. देशातले सगळ्यात श्रीमंत दोन उद्योगपती, आणि आपल्या घरातला बातम्यांचा टीव्ही त्यांच्या मालकीचा. त्या चॅनेलांत काम करणारे सगळे विकलेले आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण सून घरात नवी असली तरी सासूच्या कोणत्या डब्याला हात लावायचा नाही हे तिला न सांगता कळतं. तसंच.

पत्रकारांना किती मोकळेपणा आहे याची यादी रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था दरवर्षी काढते. १८० देशांत २०२४ ला भारत १५९ वा होता, २०२५ ला १५१ वा.

आता पैशाकडे येऊ, कारण दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं आहे. अर्थशास्त्रज्ञांच्या एका जागतिक गटानं, वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबनं, २०२४ च्या मार्चमध्ये हिशेब मांडला. भारतातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे देशाची ४० टक्के संपत्ती आहे. खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून साडेसहा टक्केसुद्धा नाही. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर शंभर बाया भाकरी खायला बसल्या, टोपल्यात शंभर भाकरी. एकीनं चाळीस उचलल्या. पन्नास जणींच्या वाट्याला मिळून सहा आल्या, साताव्वी अर्धीसुद्धा पुरी नाही. आणि वाढणारी म्हणते, आधी टोपलं मोठं होऊ द्या.

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. ते आम्ही घेतो, आनंदानं घेतो. कोणाच्या औषधाला गेले, कोणाच्या पोरीच्या एसटीच्या पासला. पण टीव्हीवर चर्चा काय, तर रेवडी वाटली, तिजोरी रिकामी झाली, बाया आळशी होतील. ही योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला होता. मोठा आकडा आहे, मान्य. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्के केला. त्यानं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी कमी येतील, असं सरकारनंच सांगितलं होतं. तो आकडा देशाचा आहे आणि हा एका राज्याचा, म्हणून मापाला माप लावता येत नाही. पण नावं बघा. आपल्याला दिलं की रेवडी, त्यांना दिलं की प्रोत्साहन. हे नाव ठेवणारा कोण? ज्याच्या हातात माइक आहे तो. कंपन्या आळशी होतील अशी चर्चा आम्ही तरी ऐकली नाही.

आणि टीव्हीच्या खालच्या पट्टीत दिवसभर शेअरचे भाव पळतात. आमच्या गटात एकीकडेही शेअर नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात क्विंटलला ४ हजाराच्या आसपास मिळत होते. त्या पट्टीत सोयाबीन कधी पळताना दिसलं का कोणाला?

या पंधराशेचं दुसरं टोक जास्त टोचणारं आहे. २०२४ च्या निवडणुकीच्या प्रचारात कोल्हापूरकडे एका खासदारांनी भर सभेत सांगितलं की योजनेचे पैसे घेणाऱ्या बाया दुसऱ्यांच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा. गदारोळ झाला, निवडणूक यंत्रणेनं दखल घेतली, त्यांनी माफीही मागितली. पण ते वाक्य कोल्हापूरहून आपल्या गल्लीपर्यंत आलं आणि इथंच राहिलं. निवडणूक झाली, २१०० होणार होते ते झाले नाहीत, २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि राज्यभरातले सुमारे २६ लाख हप्ते थांबवले गेले. त्यात पुरुषांचीही नावं निघाली, ती थांबवली हे बरोबरच. पण खऱ्या बायांच्या पोटातही गोळा आला.

आम्ही पाण्याचं निवेदन लिहिलं तेव्हा एका वहिनीनं शाई लावलेला अंगठा कागदाच्या वर धरला आणि मागे घेतला. म्हणाली, "माहे पंधराशे बंद झाले तं? तुम्ही देसान का?" तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. तिला काय उत्तर द्यायचं? आम्ही म्हटलं, निवेदन दिल्यानं हप्ता बंद होत नाही, असा नियम नाही. ती म्हणाली, नियम तुमच्या वहीत असतो. तिनं अंगठा दिला नाही. आम्ही तिला एका शब्दानं बोललो नाही. पेपर छापत नाही कारण जाहिरात जाईल, वहिनी बोलत नाही कारण हप्ता जाईल, आमच्या लेखी ही एकच गोष्ट आहे. फक्त जाहिरात गेली तर पेपरवाला उपाशी मरत नाही.

काही जणांना बोलण्याची किंमत त्याहून जास्त पडली. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला शशिकांत वारिशे नावाचे पत्रकार होते. तिथल्या रिफायनरीच्या प्रकल्पावर, जमिनींच्या व्यवहारांवर ते लिहीत असत. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. ते काही मुंबईच्या चॅनेलवरचे नव्हते, तालुक्याच्या गावातले, आपल्या त्या वार्ताहरासारखेच. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध आपल्या विधिमंडळानं २०१७ मध्येच कायदा मंजूर केला होता, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. तो त्या रस्त्यावर त्यांच्या कामी आला नाही. आणि जुलै २०२५ मध्ये आणखी एक विधेयक मंजूर झालं, जनसुरक्षेचं. सरकार म्हणतं ते नक्षलवाद्यांसाठी आहे. पत्रकारांच्या संघटना म्हणतात की त्यातले शब्द इतके सैल आहेत की कोणालाही बसतील. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. सैल शब्दांची भीती आम्हालाही वाटते, कारण सैल चोळी कोणाच्याही मापाची होते.

आता थोडं आपल्या बुलढाण्याचं. जिजाऊंचं सिंदखेडराजा सगळ्यांना ठाऊक असतं, ते ठाऊक असायलाच हवं. पण ताराबाई शिंदे किती जणींना ठाऊक आहेत? बुलढाण्याच्याच. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कामाला, सत्यशोधक विचाराचे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. 'पुणेवैभव' नावाच्या पेपरानं या निमित्तानं सगळ्या बायकांच्या वागणुकीवर चिखल उडवला. छापखाना पुरुषांचा, पेपर पुरुषांचा, वाचणारे पुरुष. ताराबाईंनी बुलढाण्यात बसून उत्तर लिहिलं, 'स्त्रीपुरुषतुलना'. १८८२ मध्ये पुण्यात छापलं, प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्या मुलीला त्या आईच्या अवस्थेला आणणारा पुरुष कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. एवढी ओरड झाली की त्यांचं दुसरं पुस्तक आपल्या हाती आलं नाही. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली, ती घेणारे थोडेच. मग पुस्तक विसरलं गेलं ते थेट १९७५ ला स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. नव्वदाहून जास्त वर्षं बुलढाण्याच्या बाईचा आवाज कपाटात. त्यांच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. छापायला कोणी पुढे आलं नाही, एवढंच.

म्हणून हा माइक आम्हाला मोलाचा वाटतो, नियमांसकट. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, जनतेची. गावाच्या गायरानासारखी. त्या निकालाच्या वाटेनंच पुढे सामुदायिक रेडिओ आला. तेलंगणात दलित शेतकरी बायांनी संगम रेडिओ सुरू केला, १५ ऑक्टोबर २००८ ला. मग खाजगी चॅनेलवाला चोवीस तास बातम्या देतो, त्याला मुभा, आणि शंभर वॅटच्या, दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जाणाऱ्या आपल्या रेडिओला बंदी, हे कोणत्या न्यायानं? गायरान आपलं आणि ढोरं साहेबांचीच चरणार. हा नियम बदलायला हवा, हे आमचं स्पष्ट मत आहे. अफवा पसरतील असं म्हणतात. 'टक्कल व्हायरस' ही अफवा आम्ही पसरवली होती का?

वहीचं काय झालं ते सांगून थांबतो. ती वही पेपरात गेली नाही. मग आम्ही ड्रॉइंगच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून गटाच्या खोलीबाहेर लावली. नावं लिहिली नाहीत, फक्त गल्ली आणि पाणी कुठलं ते. पहिल्या दिवशी कोणीतरी कोपरा फाडला. आम्ही पुन्हा चिकटवला, खळ लावून. दुसऱ्या आठवड्यात तोच वार्ताहर आला, उभ्यानं सगळं वाचलं, मोबाईलवर फोटो काढला आणि काही न बोलता गेला. छापून आलं नाही अजून.

माहिती अधिकाराचा अर्जही दिलाय. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचं तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच प्रश्न विचारलेत. आमच्या गावातल्या हातपंपांचं पाणी शेवटचं कधी तपासलं, अहवालाची प्रत द्या, आणि योजनेचं पाणी गेल्या वर्षात किती दिवस आलं. असाच अर्ज तुमच्या गावासाठी करायचा असेल तर लिहिलेला नमुना आमच्याकडे आहे, बुधवारच्या बैठकीला या, सोबत गावातल्या हातपंपांची यादी आणा. अर्जावर सही एकीचीच लागते. आमच्या अर्जावर कोणाची आहे माहीत आहे? त्या वहिनीची. आदल्या संध्याकाळी स्वतः आली, म्हणाली, "निवेदनात मागतो आपन, यात इचारतो. इचाराले काय भ्यायचं?" उत्तर आलं की भिंतीवर लावू.